विषाच्या मागे कशाला जायचं?

*या आठवड्याचं पत्र:*

*मी 27 वर्षांची आहे. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं. लोटे परशुराम एमआयडीसीतल्या एका कंपनीत साडेतीन वर्षं क्यूसीत, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या विभागात होते, आता वर्षभर प्रॉडक्शनला आहे. प्रॉडक्शनला आल्या आल्या साहेबांनी केमिकल वेपन्स कन्व्हेन्शन या रासायनिक शस्त्रबंदीच्या आंतरराष्ट्रीय करारासाठी दरवर्षी जी माहिती भरून द्यावी लागते, तिचे आकडे जुळवायचं काम माझ्या गळ्यात मारलं. निव्वळ कारकुनी. पण त्यामुळेच कळलं की हेगला ओपीसीडब्ल्यू नावाची संघटना आहे आणि तिचे निरीक्षक जगभर फिरून रासायनिक शस्त्रांचा माग काढतात. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. शिफ्ट, बॅच, लॉगबुक या सगळ्याला मी विटले आहे. युरोपात निःशस्त्रीकरणावर एक वर्षाचा कोर्स आहे. बाबा जमिनीवर कर्ज काढायला तयार आहेत. आई म्हणते, "विषाच्या मागे कशाला जायचं? त्यापेक्षा लग्नाचं बघ." नोकरी सोडून कोर्सला जाऊ का? या क्षेत्रात माझं करिअर होईल का?*

*एक वाचक, चिपळूण*

तू माझ्या धाकट्या मुलीएवढी, म्हणून एकेरीवर येतो. आधी पैशाचं बोलतो. जमिनीवर कर्ज काढू नका. नोकरी सोडू नकोस. बाबांना आजच सांग, म्हणजे ते बँकेत हेलपाटे घालायचे थांबतील. कोर्स वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. ज्यांना परराष्ट्र खात्यात, संशोधन संस्थेत किंवा पत्रकारितेत जायचंय त्यांना तो उपयोगी पडेल. निरीक्षकाच्या जागेसाठी मात्र तुझा अर्ज उघडणारा माणूस विचारणार की तू प्लांटवर किती वर्षं होतीस, आणि तिथे नेमकं काय करत होतीस.

आता तुझ्या पत्रातल्या एका शब्दाकडे येतो. "कारकुनी." ते वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. अगं, ज्या कामाला तू कारकुनी म्हणतेस तेच हे काम आहे. तू टेबलाच्या एका बाजूला बसून आकडे भरतेस, निरीक्षक दुसऱ्या बाजूला बसून तेच आकडे तपासतो. बाकी मुखवटे, पांढऱ्या गाड्या, वाळवंट हे सगळं खरं आहे, पण त्याचा वाटा भाजीत मीठ असतो तेवढाच.

मी टेबलाच्या तुझ्या बाजूला बसलेलो आहे. बरीच वर्षं झाली, तेव्हा मी रायगड जिल्ह्यातल्या एका कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर होतो. शस्त्रांशी आमचा काडीचा संबंध नव्हता. पण ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त सेंद्रिय रसायनं बनवणारा कुठलाही प्लांट करारानुसार जाहीर करावा लागतो, आणि जाहीर केलेल्यांपैकी कुणाच्याही दारात निरीक्षक येऊ शकतात. आमच्यासारख्या प्लांटला 120 तास आधी सूचना मिळते, म्हणजे पाच दिवस. शुक्रवारी दुपारी दिल्लीहून फोन आला आणि आमच्या वरिष्ठांनी पहिला हुकूम सोडला: रंगारी बोलवा! पाच दिवसांत अख्खा ब्लॉक चकाचक. पाइपांना रंग, जिन्यांना रंग, एका कुत्र्याच्या शेपटीलासुद्धा थोडा रंग लागला.

दोन निरीक्षक आले, सोबत दिल्लीचे अधिकारी. सकाळी आम्ही प्लांटची माहिती दिली, मग फेरी सुरू झाली. त्यांच्यातला एक पन्नाशीचा, स्वतः आयुष्यभर कारखान्यात काढलेला असावा, कारण रिअॅक्टरकडे न बघता तो आधी रिअॅक्टरच्या मागे गेला. तिथे एक जुनी पाइपलाइन होती, टोकाला ब्लाइंड मारलेली, म्हणजे झाकण बसवून तोंड बंद केलेली. कागदावर आम्ही लिहिलं होतं, "वापरात नाही." तो गुडघ्यावर बसला, खिशातून टॉर्च काढला आणि त्या जोडाचे, म्हणजे फ्लँजचे बोल्ट एकेक करून बघायला लागला. रंगाऱ्याचा ब्रश तिथवर पोचलाच नव्हता. नट आणि बोल्ट गंजून एकजीव झाले होते, पाना लावला असता तर तुटलेच असते. तो उठला, वहीत एक ओळ लिहिली आणि पुढे गेला. आमच्या वरिष्ठांनी सांगितल्याप्रमाणे तो कोपरा रंगवला असता, तर त्या ताज्या रंगाखाली काय आहे यावर आमचा अर्धा दिवस गेला असता. त्या दिवशी गंजाने आमची अब्रू राखली.

दुपारी आकडे. वर्षभराचं उत्पादन, विक्री आणि शिल्लक यांची बेरीज काही जुळेना. तीन ड्रम कमी. तीन ड्रम म्हणजे त्या धंद्यात काहीच नाही, पण ते दोघे उठायला तयार नाहीत. दीड-दोन तास बॅच कार्डं चाळली. शेवटी एका नाइट शिफ्टच्या कार्डावर ऑपरेटरने मराठीत लिहिलेलं सापडलं: "3 ड्रम परत मारले." ठरलेल्या दर्जात बसला नाही म्हणून माल पुढच्या बॅचमध्ये घालून पुन्हा चालवला होता. "परत मारले" याचं इंग्रजी करून सांगताना मला घाम फुटला. निरीक्षकाने ते कार्ड पुढच्या बॅचच्या कार्डाशी ताडून पाहिलं, वजन जुळलं, तेव्हा कुठे तो पहिल्यांदा हसला. अशा प्लांटच्या तपासणीला सगळे मिळून 24 तास असतात. त्यातले दोन त्याने तीन ड्रमांना दिले. निघताना आम्ही काजूची पाकिटं पुढे केली, ती त्यांनी हात जोडून परत केली. नियमच तसा.

हे सगळं एवढं पाल्हाळ लावून का सांगितलं? कारण तू लिहितेस की लॉगबुकला विटले. मग हेगला जाऊन तू काय वाचणार आहेस? दुसऱ्याची लॉगबुकं! तीही कधी चिनी, कधी पोर्तुगीज, दुभाष्याच्या तोंडून.

कारकुनीच्या मुळाशी काय आहे तेही बघ. विष आणि रोजच्या वापराची वस्तू यांच्यात भिंत नसते, एकच माल दोन्हीकडे जातो. थायोडायग्लायकॉल शाईत आणि कापडाच्या छपाईत चालतं, तेच मस्टर्ड गॅसचा कच्चा माल. ट्रायइथेनॉलअमाइन शाम्पूत असतं, सिमेंट दळताना घालतात, आणि करारातल्या तिसऱ्या यादीतही आहे. फॉस्जीन पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलं, आज ते फोम, प्लास्टिक आणि कीटकनाशकं करायला लागतं. भोपाळच्या कारखान्यातही ते होतं, तिथला मिथाइल आयसोसायनेट त्यापासूनच बनायचा. त्यामुळे "हे रसायन आहे का?" एवढं विचारून भागत नाही. किती बनलं, कुठे गेलं, आणि जेवढं गेलं म्हणता तेवढंच गेलं का, हे विचारावं लागतं. म्हणून करारात तीन याद्या. पहिलीत सरीन, मस्टर्ड असली माणसं मारण्यापलीकडे फारसा उपयोग नसलेली रसायनं. दुसरीत आणि तिसरीत दुहेरी वापराची. दुसऱ्या यादीच्या कारखान्याला सूचना फक्त 48 तासांची, पण मुक्काम 96 तासांपर्यंत. तिथे नमुनेही घेतात. निरीक्षक आपलं जीसी-एमएस, म्हणजे नमुन्यात कुठली रसायनं आहेत ते ओळखणारं यंत्र, सोबत आणतात, आणि ते अशा पद्धतीने चालवता येतं की पडद्यावर कराराशी संबंधित रसायनंच दिसावीत, कंपनीचं गुपित दिसू नये. तू क्यूसीत होतीस, तुला यातली गंमत कळेल. मशीनला जाणूनबुजून अर्धं आंधळं करून ठेवायचं, आणि तरीही त्याच्याकडून खरं बोलून घ्यायचं.

तोंडही तसंच बंद ठेवावं लागतं. निरीक्षक गोपनीयतेचा करार करतो, तो नोकरी संपल्यावरही पाच वर्षं लागू राहतो. घरी आल्यावर आईला "आज कुठल्या कारखान्यात गेले होते" एवढंही सांगता येणार नाही. आमच्या घरी हे जमलं नसतं.

थोडा इतिहास, कारण मुलाखतीला बसायचं तर तो पाठ पाहिजे. करार 1993 साली पॅरिसला सह्यांसाठी खुला झाला, 29 एप्रिल 1997 ला लागू झाला, आज 193 देश त्यात आहेत. भारताने 1997 मध्येच आपल्याकडे 1,044 टन मस्टर्डचा साठा असल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे असलं काही आहे हे तोवर देशात फार थोड्यांना ठाऊक होतं. 2009 मध्ये तो पूर्ण नष्ट झाला, निरीक्षकांच्या डोळ्यांदेखत. रशियाने 2017 मध्ये काम संपवलं. अमेरिकेचा शेवटचा साठा केंटकीत 7 जुलै 2023 ला संपला, आणि त्याबरोबर जगात जाहीर झालेला सगळा साठा, 72 हजारांहून जास्त टन, नाहीसा झाला. "जाहीर झालेला" हे दोन शब्द लक्षात ठेव.

याचा तुझ्याशी थेट संबंध आहे. पहिली वीस-पंचवीस वर्षं निरीक्षकांचा मोठा वेळ साठे नष्ट होताना पाहत बसण्यात गेला. दिवसपाळी, रात्रपाळी, कॅमेरे, सील, मोजदाद. त्या कामाला तोफगोळ्यांची जाण असलेले फौजी लागायचे. ते काम आता संपत आलं आहे. पुढे उरणार ते कारखाने, आणि कुठे वापर झाल्याचा आरोप झाला तर त्याचा तपास. म्हणजे प्लांट कळणारा आणि विश्लेषण येणारा माणूस. साडेतीन वर्षं क्यूसी आणि वर्षभर प्रॉडक्शन हे तुझं गाठोडं रिकामं नाही, फक्त हलकं आहे. जाहिराती साधारण पाच-सात वर्षांचा अनुभव मागतात, उच्च पदवी असेल तर थोडा कमी. अजून दोन-तीन वर्षं इथेच काढ.

आता करिअरचं. तुझ्या प्रश्नातला हा शब्द ती संघटना स्वतःच मान्य करत नाही. तिथे कायम नोकरी नसते. पहिला करार काही वर्षांचा, मग मुदतवाढ, आणि सगळी मिळून सात वर्षं ही साधारण मर्यादा. अनुभवी निरीक्षकांना पुन्हा घेण्याची वाट मधल्या काळात काढली गेली, तिच्यावर भिस्त ठेवू नकोस. पगार संयुक्त राष्ट्रांच्या धर्तीचा, उत्तम असतो. पेन्शन नाही, प्रॉव्हिडंट फंड आहे. बत्तिसाव्या वर्षी गेलीस तर चाळिशीच्या आत परत येशील, आणि तेव्हा तुला पुन्हा कुठलातरी प्लांट, प्रयोगशाळा किंवा सुरक्षा विभागच बघावा लागेल. ज्यांना प्लांट आवडतो ते सुखाने परततात. जे प्लांटला कंटाळून गेलेले असतात, त्यांचं काय होत असेल याची कल्पना तूच कर.

आईचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. तिला खोटं सांगू नकोस. ऑगस्ट 2013 मध्ये सीरियात, दमास्कसजवळ घूता भागात सरीनचा हल्ला झाला. तपासाला निघालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या पथकात या संघटनेची माणसं होती, आणि 26 ऑगस्टला त्यांच्या पुढच्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या. गाडी बदलून ते पुन्हा गेले. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्याच देशात संघटनेच्या ताफ्यावर हल्ला झाला. या दोन हल्ल्यांच्या मधल्या काळात, 2013 च्या डिसेंबरात, संघटनेला शांततेचं नोबेल मिळालं. पण आईला दुसरी बाजूही सांग. डोंबिवली एमआयडीसीत 2016 च्या मे महिन्यात आणि पुन्हा 2024 च्या मे महिन्यात कारखान्यांत झालेले स्फोट तिने टीव्हीवर पाहिलेच असतील. विषाच्या मागे तिची मुलगी आधीच लागलेली आहे, रोज सकाळी कंपनीच्या बसने. निरीक्षक तरी विषाजवळ जायच्या आधी महिनोन्महिने शिकतो, सूट घालून घामाघूम होऊन सराव करतो. तुमच्या ब्लॉकमध्ये कंत्राटी पोरं कशी उतरतात, तुला माहीत आहे.

एका धोक्याबद्दल आईला सांगायची गरज नाही, तुला मात्र सांगतो. तुझी सही उद्या कुणीतरी वापरणार. 2002 मध्ये संघटनेचे पहिले महासंचालक होझे बुस्तानी यांना अमेरिकेच्या दबावाखाली मतदान घेऊन पदावरून काढलं. सीरियातल्या दूमा इथे 2018 साली रासायनिक हल्ला झाल्याच्या आरोपाच्या तपासावरून तर आत काम केलेल्या माणसांचेच मतभेद चव्हाट्यावर आले, आणि दोन्ही बाजूंच्या सरकारांनी त्यांचा आपापल्या सोयीने वापर केला. त्या वर्षापर्यंत संघटना "वापर झाला का" एवढंच सांगायची. "कुणी केला" हे सांगायचा अधिकार 2018 च्या जूनमध्ये मिळाला आणि तेव्हापासून कागदाचं वजन आणखी वाढलं. तीन ड्रमांचा हिशेब नीट ठेवणारा माणूस अशा वेळी ताठ उभा राहू शकतो. ज्याने "असेल काहीतरी" म्हणून पान उलटलं, त्याची पंचाईत.

लग्नाबद्दल मी कोण सांगणार? एवढंच म्हणेन की वर्षातले कित्येक आठवडे बाहेर, कुठे ते आधी नीट माहीत नाही आणि परत आल्यावर बोलायचं नाही, हे ज्याला चालेल त्यालाच हो म्हण. कुटुंब सोबत नेता येतं. हेगला पाऊस कोकणासारखा नाही, चिडचिडा आहे.

काय करायचं ते सांगतो. साहेबांनी दिलेलं ते काम सोडू नकोस, उलट मागून घे. करार मूळ इंग्रजीत वाच, विशेषतः पडताळणीचं परिशिष्ट. कंटाळवाणं आहे, पण तू ते भरतेस, तुला ते कुठल्याही कोर्सवाल्यापेक्षा लवकर कळेल. इंडियन केमिकल कौन्सिलचं कार्यालय मुंबईत आहे. या करारासंबंधी कारखान्यांना मदत आणि प्रशिक्षण हे लोक देतात, आणि त्या कामाबद्दल त्यांना 2024 चा ओपीसीडब्ल्यू-हेग पुरस्कार मिळाला. त्यांचं प्रशिक्षण असेल तेव्हा कंपनीकडून नाव घाल. कंपनी सहसा नाही म्हणत नाही, कारण दुसरं कुणी जायला तयारच नसतं. संघटनेचा असोसिएट प्रोग्राम म्हणून एक उपक्रम आहे, विकसनशील देशांतल्या केमिस्ट आणि इंजिनिअरांसाठी, साधारण दहा आठवड्यांचा. हेग, एक विद्यापीठ आणि परदेशातला एक चालू कारखाना असं त्यात दाखवतात. खर्च तेच करतात. ज्या कोर्ससाठी बाबा जमीन गहाण टाकायला निघालेत, त्याच्या जागी आधी याला अर्ज कर. जीसी-एमएसवरचा हात सुटू देऊ नकोस. क्यूसीतल्या मैत्रिणीला सांगून महिन्यातून दोन दिवस तरी बसत जा. इंग्रजी बोलायची भीती असेल तर ती आता घालव. फ्रेंच, स्पॅनिश, रशियन किंवा अरबी यांपैकी एक भाषा येत असेल तर अर्जाला वजन येतं.

आणि पुढच्या शटडाउनला, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद असेल तेव्हा, हेल्मेट घालून आपल्याच ब्लॉकच्या मागच्या बाजूला जा. ड्रॉइंग हातात घे आणि एकेक लाइन धरून चाल. ड्रॉइंगमध्ये आहे पण जागेवर नाही, जागेवर आहे पण ड्रॉइंगमध्ये नाही, असं दोन तासांत किमान पाच ठिकाणी सापडेल. त्याची यादी कर. मग गेल्या वर्षीची बॅच कार्डं आणि तू भरलेले आकडे समोरासमोर ठेव आणि बघ, किती ड्रम "परत मारलेत". हे करताना जेवायची वेळ टळली आणि तुझ्या लक्षात आलं नाही, तर मला पुन्हा पत्र लिही. अर्ज कसा लिहायचा ते तेव्हा बघू.